तुरुंगाची भिंत आणि गांवाची वेस

एखाद्या शेतकऱ्याच्या घरांतला कर्ता मुलगा पोलिसांनीं धरून नेला, कीं त्या घरावर दोन खटले चालूं होतात. एक कोर्टांत चालतो. त्याला कागद असतो, तारीख असते, त्यांत वकील बोलतात आणि न्यायाधीश ऐकतात. दुसरा घरीं चालतो. त्याला कागद नसतो. त्यांत पेरणी हुकते, बैल विकला जातो, बहिणीची सोयरीक मोडते, सोसायटीचें कर्ज थकतें आणि म्हातारा बाप सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसतो. पहिल्या खटल्यांत मुलगा पुढें निर्दोष सुटला, तरी दुसऱ्या खटल्याची शिक्षा आधींच भोगून झालेली असते; आणि ती भोगली कोणीं? ज्यांनीं कांहींच केलें नाहीं त्यांनीं. वाचकहो, हा हिशोब सरकारी दप्तरांत कोठेंच मांडलेला नसतो, म्हणून तो आज आम्ही मांडणार आहों.

प्रथम तुरुंगांत आहे कोण तें पाहूं. ३१ डिसेंबर २०२२ रोजीं देशांतील सर्व तुरुंगांत मिळून ५ लाख ७३ हजार २२० माणसें कोंडलेलीं होतीं, असें केंद्र सरकारच्या गुन्हे नोंदणी विभागाचें पुस्तक सांगतें. जागा होती ४ लाख ३६ हजार २६६ जणांची. शंभरांच्या दावणीला एकशें एकतीस जनावरें बांधावीं तसें हें झालें. आणि जनावराची निदान मालकाला काळजी असते. पण गर्दी ही मोठी गोष्ट नव्हे. मोठी गोष्ट अशी कीं, या पावणेसहा लाखांपैकीं ४ लाख ३४ हजार ३०२ हे कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाहीं, ज्याचा गुन्हा शाबीत झालेला नाहीं असा मनुष्य. दर चार कैद्यांत तीन असे! त्याच पुस्तकांत जातींचे रकाने आहेत, तेही वाचावे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागास वर्ग मिळून कैद्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश भरतात. गुन्हा करण्याची बुद्धि परमेश्वरानें ठराविक आळ्यांतच वांटली असें ज्यांना वाटत असेल त्यांना वाटो. आम्हांस या रकान्यांत दुसरेंच कांहीं दिसतें. ज्याला जामीनदार मिळतो तो बाहेर, ज्याला मिळत नाहीं तो आंत, हा त्यांचा पुष्कळ अंशीं खरा अर्थ आहे.

१९७८ सालचा एक खटला कारागिरांच्या घरोघरीं सांगण्यासारखा आहे. मध्यप्रदेशांत एक गवंडी होता. त्याचें अपील सर्वोच्च न्यायालयांत चाललें होतें, व त्या न्यायालयानें त्यास जामिनावर सोडावें असें म्हटलेंही होतें. पण खालच्या मॅजिस्ट्रेटानें रक्कम ठरविली दहा हजार रुपये. त्या काळीं, गवंड्याच्या हातीं, दहा हजार! बरें, सख्खा भाऊ जामीन राहण्यास पुढें आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून तो चालत नाहीं असें उत्तर मिळालें. रक्त एक, पण जिल्ह्याची हद्द आडवी आली! शेवटीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या गवंड्यास त्याच्या स्वतःच्या एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा हुकूम केला, आणि गरिबाकडे त्याच्या ऐपतीबाहेरचा जामीन मागणें हा अन्याय आहे असें खालच्या कोर्टांना बजावलें. या निकालाला पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आजही तालुक्याच्या कोर्टाबाहेर सातबाऱ्याचा उतारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन झाडाखालीं बसलेल्या बायाबापड्या पाहिल्या, म्हणजे तो निकाल दिल्लीहून निघाला खरा, पण वाटेंत कोठें मुक्कामास राहिला कोण जाणे, असें वाटतें.

१ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें कलम ४७९ मध्यें एक बरी तजवीज केली आहे. ज्याचा हा पहिलाच गुन्हा आहे अशा कच्च्या कैद्यानें, त्या गुन्ह्यास असलेल्या जास्तींत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगांत काढला, कीं त्यास मुचलक्यावर सोडावें. आणि तसा अर्ज कोर्टाकडे करण्याचें काम तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकलें आहे. फांशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे, आणि ज्याच्यावर एकाहून अधिक खटले आहेत असे लोक यांतून वगळले आहेत. ज्यांचा मुलगा आंत आहे त्यांनीं दिवस मोजून ठेवावे. अधीक्षकसाहेब मोजतील या भरंवशावर राहूं नये.

ही झाली खटला चालू असतांनाची गोष्ट. आतां खटला संपला, गुन्हा शाबीत झाला, आणि गुन्हा खरोखरच घडलेला आहे, असें धरूं. म्हणजे समजा, गांवच्याच एका वीस वर्षांच्या पोरानें रात्रीं दुसऱ्याच्या विहिरीवरची मोटार उचलली आणि भंगारवाल्याला विकली. येथें कोणी म्हणेल, "अशा चोराचीही तुम्ही तरफदारी करणार काय?" मुळींच नाहीं. ज्याची मोटार गेली त्याचें पीक डोळ्यांदेखत वाळतें, आणि त्याचा संताप आम्हांस पुरता कळतो. पण त्याच फिर्यादीला आम्ही विचारतों: पोर सहा महिने आंत गेला, तुम्हांस काय मिळालें? मोटार मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारांत पावसांत गंजत पडली. सुपूर्दनाम्यावर ती परत मागतां येते हें तुम्हांस कोणी सांगितलें नाहीं. साक्षीसाठीं तुमचे किती दिवस बुडाले, एस.टी.ला किती पैसे गेले? वाळलेल्या उंसाचे पैसे कोणीं दिले? कोणींच नाहीं. चोराला शिक्षा झाली, पण नुकसान तुमचें तुमच्याच पदरीं राहिलें. आणि तो पोर बाहेर आला तो कसा आला? पाडाला लागलेला आंबा नासक्या आढींत ठेवला तर पिकून येत नाहीं, नासून येतो. आंत त्याला मोटार कशी चोरावी याहून मोठे धडे देणारे गुरुजी भेटले. बाहेर त्याला कोणी कामावर घेईना. मग तो पुन्हां तुमच्याच विहिरीकडे वळला, तर आश्चर्य कसलें?

याहून निराळा मार्ग असूं शकतो, हें प्रथम कोणा कायदेपंडिताला सुचलें नाहीं. तें सुचलें एका जोडे शिवणाऱ्या कारागिराला. अमेरिकेंतील बोस्टन शहरांत जॉन ऑगस्टस नांवाचा मनुष्य जोड्यांचा कारखाना चालवीत असे. १८४१ च्या ऑगस्टांत तो पोलीस कोर्टांत बसला असतां एका दारुड्यास उभें करण्यांत आलें. त्या दिवसांत दारुड्याची जागा तुरुंगांत ठरलेली. ऑगस्टसनें त्याच्याशीं दोन शब्द बोलून पाहिलें, दारू सोडण्याचें वचन घेतलें आणि न्यायाधीशापुढें स्वतः जामीन राहिला. तीन आठवड्यांनीं तोच मनुष्य स्वच्छ कपड्यांत, शुद्धीवर, कोर्टापुढें आला, ओळखूं येईना! न्यायाधीशानें त्यास एक सेंट दंड केला. एक सेंट म्हणजे त्यांच्याकडचा पैसाच म्हणाना. पुढें १८५९ मध्यें मरेपर्यंत या माणसानें १,९४६ जणांना असेंच सोडवून आणलें, कामाला लावलें, आसरा दिला. त्या पायीं त्याचा धंदा बसला. कोर्टाच्या शिपायांनीं त्याचा रागराग केला, कारण माणूस तुरुंगांत पोंचविल्याबद्दल त्यांना मिळणारी फी बुडूं लागली. (शिपाई कोठलाही असो, फी बुडाली कीं त्याला न्याय बुडाला असें वाटतें.) त्याच्या मरणानंतर १८७८ सालीं मॅसेच्युसेट्स प्रांतानें या पद्धतीचा कायदा केला, आणि पुढें तीच पद्धत प्रोबेशन या नांवानें जगभर गेली. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ही कल्पना ऐषआरामांत राहणाऱ्या दयाळू मंडळींच्या दिवाणखान्यांत जन्मलेली नाहीं; ती आरी आणि दाभण धरणाऱ्या हातांतून आली आहे.

आपल्याकडे ती नवी आहे असेंही नाहीं. मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३६ सालीं आणि मुंबई इलाख्यांत १९३८ सालीं असे कायदे झाले. स्वातंत्र्यानंतर सबंध देशासाठीं १९५८ चा अपराधी परिविक्षा अधिनियम झाला, आणि तो आजही जिवंत आहे. शेतकरी बंधूंनो, तो काय म्हणतो तें नीट ऐका. ज्या गुन्ह्यास फांशी किंवा जन्मठेप नाहीं अशा गुन्ह्यांत, माणसाचें वय, वर्तन व गुन्ह्याचें स्वरूप पाहून, न्यायाधीशाला त्यास तुरुंगांत न पाठवितां चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतां येतें. हें बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचें असूं शकतें. त्या काळांत त्याच्यावर परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवतां येते. कलम ५ प्रमाणें फिर्यादीचें नुकसान भरून देण्याचा हुकूम त्याच वेळीं करतां येतो. म्हणजे वर सांगितलेल्या वाळलेल्या उंसाचा प्रश्न कायद्यानें पासष्ट वर्षांपूर्वींच विचारांत घेतला होता! आणि हें नुसतें सोडून देणें नव्हे. पोरानें अट मोडली, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा त्याची वाट पाहत उभी असतेच. कलम १२ म्हणतें कीं, शिक्षा झाल्यामुळें कायद्यानें माणसाला जी अपात्रता चिकटते ती अशा माणसास चिकटूं नये.

सर्वांत महत्त्वाचें आहे कलम ६. गुन्हेगाराचें वय एकवीस वर्षांच्या आंत असेल, आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्यास तुरुंगांत पाठविणें हा नियम नसून अपवाद आहे. पाठवावयाचें असल्यास न्यायाधीशानें आधीं परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविला पाहिजे आणि आपलीं कारणें लिहून ठेवलीं पाहिजेत. किती बापांना हें कलम ठाऊक आहे? किती वकीलसाहेब शिक्षेच्या दिवशीं उभे राहून तें मागतात? जमिनीच्या दाव्यांत जे वकील एका आण्याच्या तिकिटावरून तासभर वाद घालतात, तेच गरिबाच्या पोराला शिक्षा सांगण्याची वेळ आली, कीं "दया करावी" असे दोन शब्द पुटपुटून खालीं बसतात. दया कसली? हक्क मागा! दुसरी अडचण सरकारची. परिविक्षा अधिकारी आहेत ते थोडे. महिला व बालविकास खात्याच्या पदरीं. बालगृहें, निरीक्षणगृहें, दहा तऱ्हेचे अहवाल त्यांच्या माथीं. भिंती बांधायला पैसा निघतो, पण माणसाकडे लक्ष ठेवणारा एक माणूस नेमायचा म्हटलें कीं तिजोरीला कुलूप.

आतां नव्या कायद्याकडे वळूं. १ जुलै २०२४ ला जुनें दंडविधान गेलें आणि भारतीय न्याय संहिता आली. तिनें शिक्षांच्या यादींत एका नव्या शिक्षेची भर घातली: समाजसेवा. म्हणजे कोर्टानें सांगितलेलें लोकोपयोगी काम बिनमोबदला करून द्यावयाचें. पांच हजार रुपयांच्या आंतली चोरी, गुन्हा पहिलाच, आणि माल अथवा त्याची किंमत परत केलेली, अशा वेळीं ही शिक्षा. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला तर ही होऊं शकते. अब्रुनुकसानीला होऊं शकते. आणखी तीन गुन्ह्यांना होऊं शकते. एकंदर सहा. गेल्या शतकांत १९७३ च्या सुमारास इंग्लंडांत ही शिक्षा सुरू झाली तेव्हां चाळीस तासांहून कमी नाहीं व दोनशें चाळीस तासांहून जास्त नाहीं असें त्यांनीं कायद्यांतच लिहून टाकलें होतें. आमच्या संहितेंत किती तास, कोणतें काम, कोणाच्या नजरेखालीं, हजेरी कोण घेणार, यांतलें कांहींच नाहीं. खळें सारवलें, पण मेढ पुरायची राहिली. मग पाती फिरणार कशाभोंवतीं?

तरी पाऊल योग्य दिशेनें पडलें, असें आम्ही म्हणतों. पण त्या वाटेवर एक खड्डा आहे, तो आमच्या वाचकांना दाखविणें आमचें कर्तव्य आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक निकाल दिला. एका महिला पत्रकारानें न्यायालयापुढें असें मांडलें होतें कीं, निरनिराळ्या प्रांतांच्या तुरुंग-नियमावल्यांत अजूनही जात पाहून काम वांटलेलें आहे. झाडू आणि संडास खालच्या म्हटलेल्या जातींना, चूल उंच म्हटलेल्या जातींना. न्यायालयानें ते नियम राज्यघटनेविरुद्ध म्हणून रद्द ठरविले, आणि तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना पुसावा असा हुकूम केला. घटना १९५० सालची, आणि हे नियम उडाले २०२४ सालीं! तुरुंगाच्या भिंतींआड, जेथें सरकारचाच अंमल, तेथें जर झाडू जात ओळखून हातांत येत होता, तर उद्यां गांवांत कोर्टाच्या हुकमानें समाजसेवा सुरू झाल्यावर काय होईल? पाटलाच्या पोराला वाचनालयांत पुस्तकें लावायला बसवतील आणि मातंगाच्या पोराला गटार काढायला. दोन्ही कागदांवर "समाजसेवा, चाळीस तास" असेंच लिहिलेलें असेल. म्हणून कोर्टाच्या हुकमांत कामाचें नांव व तास लिहिलेच पाहिजेत. तें गांवाच्या मर्जीवर ठेवतां कामा नये.

दुसरा खड्डा श्रीमंतीचा. मे २०२४ मध्यें पुण्यांत एका अल्पवयीन मुलानें भरधाव मोटारीनें दोन तरुण जीव घेतल्याचा आरोप झाला. त्यास पहिल्याच दिवशीं जामीन मिळाला, आणि अटींत एक अट अशी होती कीं, त्यानें अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहावा. लोक खवळले, तो हुकूम पुढें बदलावा लागला. त्या संतापांत पुष्कळांनीं असें म्हणून टाकलें कीं, या सौम्य शिक्षा म्हणजे थोतांड आहे, सगळ्यांना आंत टाका. आम्हांस हें पटत नाहीं. निबंधाची चीड येण्याचें कारण सौम्यता नव्हे. दोन माणसें मेलीं त्या प्रकरणांत ती दाखविली गेली, आणि केबल चोरणाऱ्या पोराला ती कधींच मिळत नाहीं, हें आहे. शेटजीचें पोर निबंध लिहितें म्हणून आपल्या पोरांनीं तुरुंगांत सडावें, असा उलटा न्याय आपणच मागूं लागलों तर शेटजीचें काय बिघडलें?

आतां खरा प्रश्न. "गांवाच्या हवालीं करा" असें म्हणणें सोपें आहे. पण गांव म्हणजे कोण? जुन्या काळीं गोतसभा बसे, पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदारही साक्षीला असत, महजर लिहिला जाई, आणि तंटा गांवांतच मिटे. हें खरें आहे. पण त्याच काळीं गुन्हा एक आणि शिक्षा जात पाहून वेगवेगळी, हेंही खरें आहे. त्या दिवसांचें गोडवे गाणाऱ्यांनीं आपण त्या सभेंत कोठें बसलों असतों, सतरंजीवर कीं वेशीबाहेर, याचा आधीं विचार करावा. जातपंचायतींनीं घरांना वाळींत टाकलें, पोरींचीं लग्नें मोडलीं, अघोरी दिव्यें करावयास लावलीं, म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, आणि तो २०१७ मध्यें लागूं झाला. या कायद्यानें वाळींत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तेव्हां तुरुंगाला पर्याय म्हणून पंचांची चावडी, हें आम्हांस साफ नामंजूर आहे. माणूस गांवांत राहावा, काम गांवासाठीं करावें. पण हुकूम कोर्टाचा, मुदत कोर्टाची, आणि दाद मागण्याचा दरवाजाही कोर्टाचाच.

आणि भिंत नसलेला तुरुंग कसा असतो, हें महाराष्ट्राला शिकवायला नको. १८७१ सालीं इंग्रजानें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मलेलें मूल जन्मतःच गुन्हेगार! सोलापुरास तारेच्या कुंपणांत वसाहत झाली. तिला सेटलमेंट म्हणत. सुधारणा करतों, धंदा शिकवतों, असेंच सरकार सांगत असे. आणि गिरण्यांना स्वस्तांत मजूर मिळत होते. बाहेर जायचें तर परवाना, परत यायचें तर हजेरी. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गेला, पण पारधी, कैकाडी, टकारी, भामटा या नांवांवरचा पोलिसी डाग पूर्ण गेला असें कोण म्हणेल? याच्या उलट करवीरचा दाखला पहा. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं आपल्या राज्यांत महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची पाटलापुढची हजेरी बंद केली. फांसेपारध्यांना हाकलण्याऐवजीं सोनतळीस बोलावून पहाऱ्याचें काम दिलें. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांच्याच हातीं पहारा! यालाच आम्ही पर्याय म्हणतों. सोलापुरास हजेरी होती आणि विश्वास नव्हता. करवीरास विश्वास ठेवला आणि हजेरी काढली. नव्या समाजसेवेच्या शिक्षेंत यांपैकीं कोणती रीत येते, यावर ती तरणार कीं बुडणार हें ठरेल.

विश्वासाची परीक्षा याहून कठीण जागींही झालेली आहे. औंध संस्थानांत आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नांवाची वसाहत उभी राहिली. राजेसाहेब पंतप्रतिनिधींचा आश्रय, आणि पोलंडाहून आलेले, भारतानंद म्हणविणारे मॉरिस फ्रिडमन यांची खटपट. तेथें भिंत नव्हती. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले लोक बायकापोरांसह राहत, माणदेशाच्या माळावर शेती करीत. शेजारच्याच माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनीं पुढें त्यावरून कथा बांधली आणि १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं "दो आंखें बारह हाथ" हा चित्रपट काढला. तिकीट काढून तो पाहायला आणि डोळे पुसायला सारा देश गेला; पण पडदा पडल्यावर आपल्या तालुक्यांतल्या पोराला कोणी तसें वागवावें म्हणून एक अर्ज केला असेल तर शपथ! जेथें खुनी मनुष्यावर कुंपणावांचून विश्वास टाकतां आला, तेथें मोटार चोरणाऱ्या वीस वर्षांच्या पोराची भीति बाळगण्याचें कारण काय?

मात्र एक रेघ आम्ही ठळक ओढून ठेवतों. बाईवर हात टाकणारा, दलिताच्या वस्तीवर चाल करून जाणारा, सावकारीच्या जोरावर घर जाळणारा, यांना ही वाट नाहीं. अशा वेळीं "गांवांतच मिटवा" म्हणणारे जे पुढारी जमतात, ते गांवाच्या शांततेसाठीं जमत नाहींत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नें अठरा वर्षांवरील आरोपीस परिविक्षेचा फायदा नाकारला आहे, तो शहाणपणानेंच. तंटामुक्त गांव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. बांधाचे, पाटाच्या पाण्याचे, भाऊबंदकीचे हजारों तंटे त्यांत खरोखर मिटले आणि लोकांचे कोर्टाचे हेलपाटे वांचले, हें मान्य केलें पाहिजे. पण जेथें समितीचें अध्यक्षपद ही निवडणुकीची पहिली पायरी झाली, तेथें तंटा मिटतो तो दुबळ्याच्या बाजूनें तोंड दाबून मिटतो, हेंही पुष्कळांनीं पाहिलें आहे. बक्षीस मिळावें म्हणून फिर्यादच होऊं न देणें याला तंटामुक्ति म्हणत नाहींत.

आतां करावयाचें काय तें सांगतों. ज्या घरावर प्रसंग आला आहे त्यांनीं पहिलें हें लक्षांत ठेवावें कीं, कोठडींत असलेल्या प्रत्येक माणसाला, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, बायकांना व मुलांना बाहेर असतांनाही, १९८७ च्या कायद्याप्रमाणें फुकट वकील मिळतो. तालुका विधि सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करावा. पोराचें वय एकवीसच्या आंत असेल तर शाळेचा दाखला आधींच काढून ठेवावा, आणि वकिलाला कलम ६ चें नांव घेऊन सांगावें कीं शिक्षेपूर्वीं अहवाल मागवा. चोरीचा माल परत केला असेल तर त्याची लेखी पोंच घ्यावी. ज्याच्याकडे पोर कामाला आहे तो सुतार, लोहार, बागाईतदार, गॅरेजवाला यांचें पत्र जोडावें. न्यायाधीशाला "गरीब आहे" या शब्दांपेक्षां "उद्यां सकाळीं माझ्या कामावर येईल" हे शब्द अधिक कळतात. फिर्यादीकडे जाऊन नुकसान किती झालें तें विचारावें, आणि हप्त्यानें कां होईना, भरून देण्याची तयारी कोर्टापुढें मांडावी. त्यांत कमीपणा नाहीं.

आणि गांवानें? ग्रामसभेनें एक वही घालावी. तिच्यांत गांवच्या कामांची यादी असावी: शाळेची दुरुस्ती, रोपांना पाणी, पाझर तलावांतला गाळ, दवाखान्यांतील कागदपत्र, स्मशानाची वाट, गटारही. प्रत्येक कामापुढें तास लिहावे, हजेरी ग्रामसेवकानें घ्यावी, आणि गटाराचें काम यायचें तर तें पाटलाच्या आणि मातंगाच्या पोराला सारखें यावें, असा ठराव त्याच पानावर लिहावा. हा ठराव येत्या ग्रामसभेंत मांडावा. त्याची एक नक्कल तालुक्याच्या न्यायाधीशांकडे, एक जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे आणि एक आपल्या आमदारांकडे पाठवावी. आमदारांकडून पोंच मात्र सही-शिक्क्यानिशीं घ्यावी.